"शेतीत जमत नाही ना, मग जा सेंट्रिंगवर!" हे बोलणं आता बंद करा

आज पिकाचं नाही, पण शिवारातलंच बोलायचंय. कडू लागेल, तरी वाचा.

पोरगं बारावीला अडकलं किंवा दोन वर्षं पावसानं दगा दिला, की घराघरातून एकच वाक्य निघतं, "काही जमत नाही ना, मग जा सेंट्रिंगवर." जणू बांधकाम म्हणजे शिक्षाच. दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यावर घमेलं येतं. थापी हातात कधी येणार, ओळंबा कोण शिकवणार, नकाशा वाचायला कधी जमणार, हे कुणीच ठरवत नाही. बिगारी म्हणून गेलेला चाळिशीतही बिगारीच राहतो. मग आपणच म्हणतो, त्याच्यात दम नव्हता. अहो, मशागत केली नाही, खत दिलं नाही, आणि उतारा का पडला नाही म्हणून बियाण्याला शिव्या देताय!

"हे काम बघून बघून येतं, त्याला शाळा कशाला?" असं म्हणणाऱ्यांनी किल्लारी आठवावी. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. हजारो माणसं आपल्याच घराच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली गेली. भिंती काही बारीक नव्हत्या, चांगल्या दोन-अडीच फूट जाड होत्या. पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मधे माती आणि बारीक दगड. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसला, थर सुटले आणि वरची मणामणाची माती खाली आली. बांधणारे गवंडी कामचुकार नव्हते. त्यांनी जे बघितलं तेच केलं. बघून शिकण्यातली हीच गोम आहे, हुन्नर जसा पुढं जातो तशी चूकही पुढं जाते.

आता उलट बाजू बघा. शेतकऱ्याचं पोर या धंद्यात कोरं जात नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. त्याच मातीवर उथळ पाया घेतला तर जोतं उचलतं आणि भिंतीला तिरकी चीर पडते. म्हणून काळी ओलांडून चांगला मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, किंवा इंजिनिअरला विचारून पाया ठरवायचा. हे शहरातल्या पोराला पुस्तकातून शिकावं लागतं. आपल्या पोराला फक्त जोडून दाखवायचं असतं. पण जोडून दाखवणारा कुठंय?

पाण्याचंही तसंच. ठिबकवर लिटरचा हिशोब ठेवणारा माणूस काँक्रीट कालवताना पाईप सोडून देतो, कारण "माल पातळ असला की पटकन सरकतो." एम-20 च्या साध्या प्रमाणाला 50 किलोच्या गोणीमागे पाणी जास्तीत जास्त 30 लिटर, आणि त्यात वाळूतला ओलावाही मोजायचा. वरून ओतलेली प्रत्येक बादली स्लॅबची ताकद कमी करते. क्युरिंग साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, पीपीसीला किमान 10, कडक उन्हात त्याहून जास्त. लावणी करून दोन दिवसांत पाणी तोडाल का? मग स्लॅबचं का तोडता?

हिशोब घ्या. 20 बाय 15 फुटांचा, 5 इंची स्लॅब म्हणजे 125 घनफूट, सव्वा ब्रास. 3-4-5 ची दोरी धरली की खोलीचा काटकोन मिळतो. हे सातवी-आठवीचं गणित आहे. वर्गात कंटाळलेलं पोरगं साइटवर हे आनंदानं शिकेल, पण आम्ही त्याला वर्षानुवर्षं फक्त वाळू चाळायला लावतो.

कोणी म्हणेल, सरकारी कोर्स आहेत की. आहेत. आयटीआयला गवंडीकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, प्लंबरचा एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियन आणि वायरमनचे दोन वर्षांचे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 पासून आहे. पण गावात पोचतो तो चार दिवसांचा कार्यक्रम, एक टी-शर्ट आणि फोटोसह प्रमाणपत्र. जुन्या मिस्त्रीच्या अंगच्या कामाला कागद मिळत असेल तर मिळू द्या, त्याला विरोध नाही. नवख्या पोराला मात्र चार दिवसांत कारागीर ठरवणं ही फसवणूक आहे. त्याची आणि घर बांधणाऱ्याचीही.

कृषी खात्यातल्या मित्रांनो, हे तुमच्याही अंगणातलं आहे. कांदाचाळीला खालून आणि बाजूनं हवा खेळली पाहिजे, हे तुम्ही शेतकऱ्याला सांगता. बांधणाऱ्या गवंड्याला कोण सांगतं? तो मजबुतीच्या नादात खालची बाजू बुजवतो आणि कांदा सडतो. गोठ्याला उतार नसला तर मूत्र साचतं आणि जनावरांच्या खुरांना त्रास होतो. शेतकरी मेळाव्याला चार गवंडीही बोलवा. अनुदानाचा पैसा शेवटी त्यांच्याच हातातून भिंतीत जातो.

आणि जिवाचं काय? परांचीला कठडा नाही, बेल्ट नाही, विहिरीच्या कड्यांचं काम दोरीच्या भरवशावर. पहिल्या दिवशी पोराला पहिला धडा हाच हवा की असुरक्षित जागी चढायला "नाही" म्हणायचं. मुकादमाला राग आला तर येऊ द्या. 18 ते 60 वयाच्या आणि वर्षात 90 दिवस काम केलेल्या कामगाराची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी होते. ती किती पोरांची झालीय, गावात विचारून बघा.

तर मागणं एवढंच. बाप माणसांनी, पोराला साइटवर पाठवण्याआधी मुकादमाला विचारा, सहा महिन्यांनी याच्या हातात काय येणार? मिस्त्री लोकांनी, रोज अर्धा तास थापी त्याच्या हातात द्या. तुमचं काम तो हिसकावत नाही, तुमचं नाव पुढं नेतो. घर बांधणाऱ्यांनी, दर पाडताना शिकाऊ पोराची हजेरी कापू नका. ग्रामपंचायतीनं शाळेची भिंत किंवा पाण्याची टाकी बांधताना दोन शिकाऊ पोरं ठेवण्याचा आग्रह धरावा.

शेती सोडून जाणाऱ्याला हरलेला म्हणू नका. चांगला गवंडी, वायरमन, प्लंबर गावाला पिकाइतकाच लागतो. तुमच्या गावात नव्या पोराला खरोखर शिकवणारा मिस्त्री असेल तर त्याचं काम इथं लिहा. अशा माणसाचं कौतुक झालंच पाहिजे.