सुगंधी तंबाखू बंद, मग थंड सिगारेट कशी चालते?

थंड सिगारेटमध्ये घातले जाणारे मेंथॉल पुदिन्याच्या जातीतल्या वनस्पतींपासून मिळते, कारखान्यातही तयार होते. जिभेवरच्या आणि घशातल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवते. धूर तितकाच विषारी राहतो, पण गार लागतो, ठसका कमी येतो आणि झुरका खोलवर जातो. वर्षानुवर्षे विडी ओढणाऱ्याचा घसा सरावलेला असतो. त्याला हा गारवा लागत नाही. तो लागतो नवख्याला.

कोणत्या गटात मेंथॉल किती चालते, याचा सर्वांत बोलका इतिहास अमेरिकेत आहे. १९५०च्या दशकात तिथल्या कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांपैकी दहा टक्केही मेंथॉल ओढत नव्हते. पुढे हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. गोऱ्यांमध्ये ते याच्या निम्म्यानेही नाही. ही काही उपजत आवड नव्हे. कंपन्यांनी कृष्णवर्णीयांच्या वस्त्या, त्यांची मासिके आणि संगीत महोत्सव हेरून जाहिरात केली. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि प्रौढांपेक्षा किशोरांत मेंथॉल अधिक चालते, हेही तिथेच दिसले.

महाराष्ट्रात चित्र वेगळे आहे. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे आढळले. धूम्रपान करणारे मात्र ३.८ टक्केच. बाकी सारा कारभार मळलेल्या तंबाखूचा, गुटख्याचा आणि मशेरीचा. केळशीच्या परिसरात, एकूण कोकणातच, बायकांच्या तंबाखूचा विषय निघाला की आधी मशेरीच आठवते. म्हणून मेंथॉल हे शहरी चोचले ठरवून सोडून देणे सोपे आहे, आणि चुकीचे. आज ओढणारे थोडे आहेत, म्हणूनच विक्रेत्याला नवे गिऱ्हाईक हवे असते. ठसका न आणणारी सिगारेट हे त्यासाठीचे उत्तम आमिष.

चवीचे हे आमिष सरकारला ठाऊक नाही असेही नाही. राज्याने जुलै २०१२मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली, नंतर सुगंधी तंबाखू व सुगंधी सुपारीवरही. पण ही बंदी अन्नसुरक्षा कायद्याखाली आहे, आणि सिगारेट अन्नात मोडत नाही. २००३च्या केंद्रीय तंबाखू कायद्यात जाहिरात, वयाची अट, शाळेजवळची विक्री, इशारा हे सगळे आहे. सिगारेटमधल्या चवीवर बंदी नाही. त्यामुळे वेलचीच्या वासाची पुडी जप्त होते आणि दाबताच फुटणाऱ्या मेंथॉलच्या गोळीची सिगारेट उजळ माथ्याने विकली जाते.

बंदी घातली की चोरटा माल येतो, हा आक्षेप गुटख्याच्या अनुभवावरून घेतला जातो, आणि तो खोटा नाही. पण कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात जानेवारी २०१७मध्ये मेंथॉल बंद झाल्यावर पुढच्या वर्षभरात रोज मेंथॉल ओढणाऱ्यांनी इतरांपेक्षा अधिक प्रमाणात सिगारेट सोडली. युरोपीय संघानेही मे २०२०पासून मेंथॉलची सिगारेट बंद केली.

केंद्राने २००३च्या कायद्यात दुरुस्ती करून सिगारेटमधील मेंथॉलसह सर्व चवी बंद कराव्यात. राज्याला तोवर थांबण्याचे कारण नाही. सुटी सिगारेट व विडी विकण्यास सप्टेंबर २०२०मध्ये राज्यानेच मनाई केली आहे. पाकिटाच्या ८५ टक्के भागावरचा इशारा सुटी घेणाऱ्याच्या हाती पडत नाही आणि अख्ख्या पाकिटाचे पैसे पोरांच्या खिशात सहसा नसतात. गावोगावच्या टपऱ्यांवर निदान हा आदेश तरी पाळला जातो की नाही, हे पोलिसांनी पाहावे.

– एक वाचक, केळशी (ता. दापोली, जि. रत्नागिरी)