पिशवी काढली, पुढे काय?

ओर्का देवमाशांच्या माद्यांचं प्रजनन साधारण चाळिशीत थांबतं. त्यानंतरही काही माद्या कित्येक दशकं जगतात आणि भक्ष्याच्या शोधात कळपाच्या पुढे असतात.

बीडच्या अनेक ऊसतोड बायांना मात्र पाळी थांबण्याचं वय नैसर्गिकरीत्या गाठू दिलं जात नाही. २०१९मध्ये या प्रश्नाच्या चौकशीसाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा, ना पाणी. खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून पिशवीच काढली जाते. अंडाशयंही काढली, तर रजोनिवृत्ती लगेच येते आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. तरी कोयता सुटत नाही.

नव्या शस्त्रक्रियांवर परवानगीचं बंधन आलं. ज्यांच्या आधीच झाल्या, त्यांचं काय? हंगामाआधी गावातच त्यांची हाडं तपासावीत, औषधं द्यावीत आणि खर्च साखर कारखान्यांकडून वसूल करावा.