चाळीस मिनिटांचा चहा

गेल्या वसंतात आम्ही गोरेगावची मंडळी सहलकंपनीबरोबर जपान ‘करून’ आलो. ‘करून’ हा शब्द माझा नव्हे. परतल्यावर भेटेल त्याने तोच वापरला. आठ दिवस, सहा शहरे, रात्री वरण-भात आणि कार्यक्रमपत्रिकेत एक ठळक ओळ : ‘पारंपरिक जपानी संस्कृतीचा अनुभव’.

हा अनुभव आम्हांस क्योतोला मिळाला. मुदत 40 मिनिटे. भोजनासह होणारा खरा चहाचा सोहळा सुमारे चार तास चालतो. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू यांनी त्याला जे वळण लावले, त्यात चहाच्या खोलीचे दार मुद्दाम इतके ठेंगणे असते, की सरदारालाही तलवार बाहेर ठेवून गुडघ्यांवर आत यावे लागे. आमच्यासाठी दार चांगले रुंद होते, आणि आमच्या तलवारी, म्हणजे मोबाईल, आम्ही उगारूनच आत शिरलो. किमोनो नेसलेल्या एका वृद्ध बाईंनी वाडगा पुसला, हिरवा चहा घुसळला, वाडगा हलकेच फिरवून पुढे ठेवला. इतक्यात मागून आवाज आला, “मास्तर, साखर नाही का हो मिळणार?” सारे हसले. मीही हसलो. बाईंनी मात्र लवून नमस्कार केला आणि पुढचा वाडगा पुसायला घेतला. तो नमस्कार मला अजून बोचतो.

दुसऱ्या दिवशी र्‍योआनजी मंदिराची दगडी बाग. तेथे 15 दगड आहेत, पण ओसरीवर कोठेही बसा, एक तरी दगड नजरेआड राहतोच. आमच्या मार्गदर्शकाने घड्याळ पाहिले आणि म्हटले, “पंधरा आहेत बरं का. चला!”

दोष कंपनीचा, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. सहा शहरांची जाहिरात हाती आली, की त्याच पैशांत सात दाखवणारा शोधणारे आपणच. मी शिक्षक आहे. मार्चअखेर पोर्शन संपवणे म्हणजे काय, हे मला पुरते ठाऊक आहे. पोर्शन संपतो, मुलगा कोराच राहतो.

‘भाषा येत नाही, गुडघे दुखतात, गटाने न जावे तर कसे जावे?’ हा प्रश्न रास्त आहे. गटाने जरूर जावे. आपली वारीही दिंडीनेच जाते. पण वारकरी वाटेत भेटेल त्याच्या पाया पडतो. आम्ही आठ दिवसांत कोणाला भेटलो?

वाचकहो, या दिवाळीत एखादा पाहुणा चपलाही न काढता दारातच चकली तोंडात टाकून, घरच्या लक्ष्मीचा फोटो घेऊन चालता झाला, तर त्याला काय म्हणाल? क्योतोच्या गिओन वस्तीने हेच सोसले. गेइशांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांना कंटाळून तेथील रहिवाशांनी 2024 मध्ये आपल्या खाजगी गल्ल्या पर्यटकांना बंद केल्या. ते धावणारे आम्ही नव्हतो, एवढ्याने आमची सुटका होत नाही.

उलट बाजूही पाहा. 1931 साली निचिदात्सु फुजी नावाचे जपानी भिक्षू भारतात आले. ते येथे राहिले, वर्ध्याला गांधीजींच्या सहवासात आले. त्यांच्या पंथाचे जपानी बुद्धमंदिर वरळीला 1956 पासून उभे आहे. तेथे प्रार्थनेला ढोल घुमतो. गोरेगावहून लोकलने तासाभराची वाट. जपान करून येईपर्यंत मी तेथे पाऊल टाकले नव्हते.

तेव्हा पुढच्या सहलीचे पैसे भरण्यापूर्वी कंपनीला ठणकावून सांगा : शहरे दोनच दाखवा, पण चहा चार तासांचा द्या. आणि तोवर एखादा रविवार वरळीला जाऊन या. मोबाईल पिशवीत ठेवा, आणि प्रार्थना संपेपर्यंत उठू नका.