यंत्र उघडणारे हात

एखाद्या मुलाच्या नखांत काळें तेल दिसलें कीं ‘अभ्यास सोडून कोठें होतास?’ असें त्याला दरडावून विचारण्याची आपणां वडील माणसांची रीत आहे. मुलगा बहुधा खालीं मान घालून उभा राहतो. घरच्या पडवींत गोणपाटावर त्यानें बंद पडलेलें लाकूड कापण्याचें यंत्र खोलून ठेविलेलें असतें. पण हाही अभ्यासच आहे असें म्हणण्याचें धैर्य त्याला होत नाहीं. त्याच्या वतीनें तें म्हणावें, आणि म्हणतां म्हणतां त्यालाही दोन गोष्टी सांगाव्या, एवढ्यासाठींच हा लेख आहे.

आमच्या कोयनानगरास वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वाटेवर झाड आडवें झालें कीं गांवाचें दळणवळण थांबतें. कधीं तें एखाद्याच्या छपरावरच येतें. अशा वेळीं उपयोगी पडणाऱ्या चेनसॉ यंत्रांत, तसेंच गवत कापण्याच्या व औषध फवारण्याच्या पुष्कळ यंत्रांत, टू-स्ट्रोक जातीचें इंजिन असतें. १९७२ सालीं बाजारांत आलेली नगरची लुना याच इंजिनावर चाले. धुराच्या निर्बंधांमुळें दुचाकींतून तें मागें पडलें. परंतु वजनास हलकें व रचनेस साधें असल्यामुळें हातांत धरावयाच्या यंत्रांत अद्याप टिकून आहे.

या इंजिनाची युक्ति मोठी मनोरंजक आहे. पिस्टन वर जातांना डोक्यावरील मिश्रण दाबतो आणि त्याच वेळीं खालच्या पेटींत नवें मिश्रण ओढून घेतो. खालीं येतांना जळलेला वायु बाहेर सोडतो व नवें मिश्रण वर ढकलतो. इंग्लंडांतील जोसेफ डे यानें १८९१ च्या सुमारास ही रचना सिद्ध केली. खालची पेटी अशी मिश्रणासाठीं गुंतल्यामुळें तींत वंगणाचें तेल सांठवितां येत नाहीं. तें पेट्रोलांतच मिसळावें लागतें. बनविणाऱ्यानें पन्नासास एक असें प्रमाण सांगितलें असेल, तर एक लिटर पेट्रोलास वीस मिलिलिटर तेल झालें. हा त्रैराशिकाचा हिशेब पुस्तकांत चुकला तर एक गुण जातो. पडवींत चुकला तर पिस्टन जातो.

यंत्र दुरुस्त करणें म्हणजे केवळ जुना भाग काढून नवा बसविणें नव्हे. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले, तर तेल कमी पडलें होतें, कीं सीलमधून हवा शिरत होती, कीं कार्बोरेटर तुंबला होता, हें आधीं शोधलें पाहिजे. तसें न केल्यास नवा पिस्टनही जुन्याच्याच वाटेनें जातो. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल असतें व तें हवेंतील ओल शोषून घेतें. म्हणून आमच्यासारख्या दमट गांवीं यंत्र बरेच दिवस ठेवावयाचें असल्यास टाकी रिकामी करून ठेवावी. कार्यावरून कारण शोधण्याचा जो धडा आम्ही वर्गांत फळ्यावर देतों, तोच येथें हातांत सांपडतो.

अशा उद्योगास हलका लेखणारांनीं किर्लोस्करवाडीकडे पाहावें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं सायकलच्या दुकानापासून आरंभ केला; पुढें लोखंडी नांगर केले, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी ते घेईनात. तरीही त्यांनीं धीर सोडला नाहीं, आणि १९१० सालीं कुंडलच्या माळावर त्यांचा कारखाना उभा राहिला. आणि ज्या प्रभूचें नांव आपण रोज सकाळीं प्रार्थनेंत घेतों, तो नासरेथांत सुतारकाम करीत होता, हें तरी आपण कसें विसरावें?

आतां मुलांस दोन शब्द. यंत्र नीट चालूं लागलें कीं तें अधिक जोरानें चालावें अशी इच्छा होते. मग कोणी सायलेन्सरला भोकें पाडतो, कोणी सिलिंडरचीं द्वारें कानशीनें मोठीं करतो. हवेची वाट मोठी केली आणि पेट्रोल त्या मानानें वाढविलें नाहीं, तर मिश्रण पातळ होतें. पेट्रोलाबरोबरच तेल येत असल्यामुळें वंगणही कमी पडतें, आणि वाढलेल्या उष्णतेनें पिस्टन धरतो. सायलेन्सरची जाळी काढली तर ठिणगी वाळल्या गवतांत पडूं शकते. आणि साखळीस थांबविणारा ब्रेक तर कोणत्याही सबबीवर काढूं नये. पात्याचें टोंक लाकडास लागून यंत्र उलटें उसळतें, तेव्हां चेहरा व ती साखळी यांच्यामध्यें तोच उभा असतो. बनविणाऱ्यानें एखादा भाग कां घातला हें ज्याला सांगतां येत नाहीं, त्याला तो काढण्याचा अधिकार नाहीं.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपल्या गांवाभोंवतीं १९८५ सालीं घोषित झालेलें कोयना अभयारण्य आहे, आणि २०१० पासून तें सह्याद्रि व्याघ्र प्रकल्पांत मोडतें. मालकीच्या जमिनींतील झाडांच्या तोडीवरही १९६४ च्या कायद्याचें नियंत्रण आहे. शंभर वर्षांचें झाड या यंत्रानें घटकेंत आडवें होतें, आणि तें पुन्हां उभें करील असें यंत्र कोणत्याही पडवींत तयार होत नाहीं. म्हणून यंत्राचा जोर वाढविण्यापूर्वीं तो कोठें थांबवावयाचा याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

तेव्हां पालकहो, पुढच्या वेळीं मुलाच्या नखांत तेल दिसलें तर रागावूं नका. ‘काय बिघडलें होतें, आणि कां?’ एवढें विचारा. उत्तर नीट आलें तर साबण तुम्हीच आणून द्या.