विश्लेषण : चरबीतले संप्रेरक पक्षाघातात मेंदू वाचवेल? कर्जत-खालापूरला ते का हवे?

पक्षाघाताचा झटका आला की मेंदूतील पेशी मिनिटागणिक मरू लागतात. शरीरातील चरबीत तयार होणारे ‘अ‍ॅडिपोनेक्टिन’ हे संप्रेरक ही हानी कमी करू शकेल, असे प्राण्यांवरील प्रयोग सुचवतात. मोठे रुग्णालय दूर असलेल्या कर्जत, खालापूरसारख्या तालुक्यांना असे औषध सर्वाधिक उपयोगी पडेल. पण ते अजून आलेले नाही.

वेळ इतकी महत्त्वाची का?

मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर उपचाराविना दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याआधी सीटी स्कॅन हवेच, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतते. मोठी गुठळी नळीवाटे काढण्याची प्रक्रिया निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येते.

कर्जत-खालापूरची अडचण काय?

कर्जत स्थानक मुंबईच्या सीएसएमटीपासून रेल्वेने १०० किलोमीटरवर आहे. खालापुरातून द्रुतगती मार्ग जातो, पण डोंगरातील अनेक वाड्यांतून रुग्णाला झोळीत घालून गाडीरस्त्यापर्यंत आणावे लागते. जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली तेव्हा इर्शाळवाडीला मदत पथकेही डोंगर चढून, पायीच पोहोचली होती. साडेचार तासांतला मोठा वाटा असा वाटेतच जातो.

हे संप्रेरक नेमके काय करते?

अ‍ॅडिपोनेक्टिन इन्सुलिनला साथ देते आणि रक्तवाहिन्यांतील दाह कमी करते. २००८ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या उंदरांत हे संप्रेरक नव्हते, त्यांच्या मेंदूची हानी अधिक झाली. ज्यांच्यात ते वाढवले, त्यांची कमी झाली. रक्तवाहिनीच्या अस्तरात तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड वाहिनी सैल करतो आणि रक्तप्रवाह राखतो. हा फायदा त्याच मार्गाने होत असल्याचे त्यात दिसले.

म्हणजे लठ्ठपणा फायद्याचा?

उलट. हे संप्रेरक चरबीत तयार होत असले, तरी लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात त्याचे प्रमाण कमी आढळते आणि वजन घटल्यावर वाढते. मात्र ‘जितके जास्त तितके चांगले’ असेही नाही. हृदय निकामी होत असलेल्या रुग्णांत त्याचे वाढलेले प्रमाण मृत्यूच्या अधिक धोक्याशी जोडलेले दिसले आहे.

औषध का आले नाही?

अ‍ॅडिपोनेक्टिनचा रेणू मोठा आणि गुंतागुंतीचा आहे. त्याच्यासारखे काम करणारा ‘अ‍ॅडिपोरॉन’ हा छोटा रेणू टोक्यो विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये मांडला. पक्षाघातासाठी तो मान्यताप्राप्त औषध नाही. शिवाय उंदरांत यशस्वी ठरलेली मेंदूरक्षक औषधे माणसांत वारंवार फसली आहेत. दक्षिण कॅलिफोर्नियात १,७०० रुग्णांना रुग्णवाहिकेतच मॅग्नेशियम किंवा तसेच दिसणारे निष्क्रिय द्रव्य देऊन तुलना केली गेली. २०१५ मध्ये निकाल आला : मॅग्नेशियमचा फायदा नाही. पण सीटी स्कॅनची वाट न पाहता रुग्णवाहिकेतच उपचार सुरू करता येतात, हे त्यातून सिद्ध झाले. वाडीपासून रुग्णालयापर्यंतचा वेळ सुरक्षितपणे भरून काढणारे औषध मिळाले, तर त्याची खरी किंमत अशाच भागात कळेल.

तोवर काय करावे?

तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी एकही लक्षण अचानक दिसले तर लगेच १०८ ला फोन करावा. ‘वारं गेलं’ म्हणून तेल चोळत बसू नये. तोंडाने पाणी किंवा गोळी देऊ नये. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ लक्षात ठेवावी. साडेचार तास तिथूनच मोजतात. आणि निघण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : जिथे नेत आहोत, तिथे आत्ता सीटी स्कॅन सुरू आहे का?