टपरीची वही आणि ब्लॉकचेन

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादकांनी सुधारल्या असतील अशी आशा! पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण तो मला कळला तो टपरीवर.

गेल्या पावसाळ्यात टपरीवाल्या काकांची उधारीची वही भिजली. काका म्हणाले, "तुझे ६४० झाले." माझ्या हिशोबाने ४८०. माझ्याकडे लिहिलेलं काहीच नव्हतं. मी ६४० दिले. काका खोटं बोलणारे नाहीत, पण खरं काय ते आम्हा दोघांनाही सिद्ध करता येईना. तेच मला टोचलं.

आपण राहतो त्या सुदुंबऱ्यात संताजी महाराज जगनाडे यांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले. मूळ वह्या इंद्रायणीत बुडवल्या तरी गाथा लोकांच्या मुखी राहिली, असं सांगतात. ब्लॉकचेनचं तत्त्वही असंच आहे. वही एकाकडे नाही, सगळ्यांकडे. एकाने पान फाडलं तर बाकीचे आपापलं पान दाखवतात.

पण प्रत्येक ओळ सगळ्यांनी लिहायची म्हणजे उशीर होणारच! बिटकॉइनच्या मुख्य साखळीवर सेकंदाला जेमतेम सात व्यवहार बसतात. आपल्या यूपीआयने ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात २००० कोटींचा आकडा ओलांडला. भागाकार करून बघा, सेकंदाला सात हजारांच्या वर. म्हणून 'ऑफ-चेन'चा उपाय आला: रोजची कामं मुख्य वहीच्या बाहेर करायची, आत फक्त निकाल लिहायचा. त्याचे तीन मुख्य प्रकार आहेत.

पहिला, पेमेंट चॅनल. बिटकॉइनचं लायटनिंग नेटवर्क हे त्याचं उदाहरण. ही थेट टपरीची उधारी, फक्त सुधारलेली. सुरुवातीला डिपॉझिट मुख्य वहीत लिहायचं, रोजच्या हिशोबावर दोघांनी सह्या करायच्या, शेवटी एकच आकडा आत टाकायचा. कोणी जुनं पान दाखवून फसवू पाहिलं, तर दुसरा ठराविक मुदतीत नवं पान दाखवून सगळे पैसे घेऊ शकतो. अट एकच, जागं राहायचं.

दुसरा, जोडसाखळी म्हणजे साइडचेन. वेगळी वही, वेगळे तपासनीस. स्वस्त आणि वेगवान. पण विश्वास त्या मोजक्या तपासनीसांवर. मार्च २०२२ मध्ये रोनिन नावाच्या जोडसाखळीच्या नऊपैकी पाच चाव्या चोरांच्या हाती लागल्या आणि साठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली. कहर म्हणजे, हे सहा दिवस कोणाच्या लक्षातही आलं नाही!

तिसरा, रोलअप. शेकडो व्यवहारांची मोळी बांधून तिचा तपशील मुख्य साखळीवरच टाकतात. 'ऑप्टिमिस्टिक' प्रकारात मोळी खरी धरतात आणि आक्षेपाला साधारण सात दिवस देतात. 'झेडके' प्रकारात मोळीबरोबर गणिती पुरावाच जोडतात. मोळी बांधणारा बहुधा अजून एकच कंपनी असते, हे खरं. पण तपशील आत असल्यामुळे हिशोब कोणालाही पडताळता येतो.

आता म्हणाल, आपल्याला याचं काय? ॲडमिशनच्या वेळी जातीच्या दाखल्यासाठी किती जणांची धावपळ झाली ते आठवा. २०२२ साली गडचिरोलीतल्या एटापल्ली उपविभागात सुमारे ६५,००० जातीचे दाखले पॉलीगॉनच्या साखळीवर नोंदवायचं काम हाती घेतलं गेलं. दाखल्याचा डिजिटल ठसा साखळीवर आणि कागदावर क्यूआर कोड. पॉलीगॉनची सुरुवात २०१७ मध्ये मुंबईत 'मॅटिक' या नावाने झाली. तिची ही साखळी जोडसाखळीच्या जातीची. शंभरच्या आसपास तपासनीस व्यवहार तपासतात आणि त्याचा गोषवारा वेळोवेळी इथेरियमवर नोंदवतात.

मग एटापल्लीचं चुकलं का? माझ्या मते नाही. दाखल्याचा ठसा म्हणजे पैसा नव्हे, तो पळवून कोणी श्रीमंत होत नाही. साखळी बंद पडली तरी सरकारी नोंद आणि मुलाच्या हातातला कागद राहतो. तिथे जोडसाखळी पुरते. पण त्याच मुलाची शिष्यवृत्ती अशा साखळीवर ठेवायची म्हटली, तर मी विरोध करीन. तिथे रोलअपच हवा, थोडा महाग पडला तरी. आणि रोजच्या चहाला चॅनल पुरे. एक मात्र लक्षात ठेवा, मुळात दाखलाच चुकीचा दिला असेल तर साखळी ती चूक इमानदारीने जपून ठेवेल!

सेमिनारमध्ये आपण 'सेकंदाला किती व्यवहार' याचेच तक्ते लावतो. मला वाटतं, आधी दुसराच प्रश्न विचारावा: बाहेरची वही सांभाळणारा उद्या खोटं बोलला किंवा गायब झाला, तर मुख्य वहीसमोर दाखवायला माझ्या हातात काय उरतं? व्हायवात कोणी विचारलं, तर उत्तर इथून सुरू करून बघा.

तोवर मी एक छोटी डायरी घेतली आहे. रोज चहा झाला की काका त्यांच्या वहीत लिहितात, मी माझ्यात, आणि दोघंही सही करतो. काका हसतात. पण या महिन्यात हिशोब जुळला!

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी