तास मोजले, पाणी मोजलेच नाही

नंदुरबार तालुक्यात कोरीटच्या बाजूला मिरचीला किंवा पपईला पाणी किती दिले असे विचारले, तर उत्तर तासांत येते. ‘दोन तास मोटार चालली.’ हे माप विजेचे झाले, पाण्याचे नाही. व्होल्टेज पडले, विहीर खाली गेली, फिल्टर गाळाने भरला, की त्याच दोन तासांत पाणी कमी जाते. झाडाला ते लगेच जाणवते, मालकाला पाने पिवळी पडल्यावर.

प्रवाहमापक ही उणीव भरून काढतो. साध्या प्रकारात पाइपात एक चक्री असते. पाणी तिला फिरवते, चक्रीवरचे चुंबक प्रत्येक फेरीला एक ठोका देते आणि ठोके मोजून लिटर कळतात. गाळ किंवा दोऱ्याचा तुकडा अडकला की मात्र चक्री खोटे बोलू लागते, म्हणून ती फिल्टरच्या पुढे आणि सरळ पाइपातच बसवायची. दुसऱ्या प्रकारात फिरणारे काहीच नसते. चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या पाण्यात अल्पसा विद्युतदाब तयार होतो, तो वेगाच्या प्रमाणात असतो. फॅरेडेने 1832 मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीवर हाच प्रयोग करून पाहिला होता. तेव्हाची उपकरणे पुरी पडली नाहीत. आज हा मापक चांगला चालतो, पण महाग आहे.

एक एकर पपई धरा. हजार रोपे, प्रत्येकी ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर, म्हणजे ताशी 8,000 लिटर. मापक 6,000 दाखवतो आणि लॅटरलमधला दाब नेहमीइतकाच आहे, तर ड्रिपर क्षाराने बुजत आहेत. दाबही उतरला असेल, तर फिल्टर किंवा मोटार पाहावी. आकडा 10,000 वर गेला, तर कुठेतरी नळी फुटली आहे. आणि पपईच्या बुंध्याशी पाणी साचले की मूळ कुजते. रात्रीच्या विजेवर पाणी देताना अंधारात हे दिसणार कसे?

ठिबकच्या अनुदानाचा हिशेब क्षेत्रावर होतो. किती हेक्टरवर नळ्या पसरल्या ते मोजले जाते. त्यातून पाणी किती गेले ते नाही. हे उलटे आहे. निदान साधा चक्रीचा मापक तरी संचाचा सक्तीचा भाग हवा. मीटर बसले की उद्या बिल येईल, ही शेतकऱ्याची भीती खोटी म्हणता येत नाही. कालव्याचे पाणी पाणीवापर संस्थांना मोजून देण्याचा कायदा राज्यात 2005 पासून आहेच. म्हणूनच विहिरीवरच्या मापकाचे आकडे शेतकऱ्याच्याच वहीत राहतील, असे शासनाने अनुदानाच्या अटींत आधी लिहून द्यावे.